वाचकांचे प्रश्न : बंधारा गावाने बांधला, पाणी कुणाचे?

गेल्या अंकात या सदरात केनियाच्या पूर्वेकडील उकंबानी या कमी पावसाच्या प्रदेशातील वाळू-बंधाऱ्यांवर एक छोटे टिपण आले होते. पावसापुरत्याच वाहणाऱ्या नद्यांच्या पात्रात गावकरी आडवी पक्की भिंत घालतात, पुराबरोबर आलेली वाळू भिंतीमागे साठते आणि त्या वाळूत मुरलेले पाणी कोरड्या महिन्यांत पुरते, एवढाच त्याचा आशय होता. त्यावर कोल्हापूर जिल्ह्यातून आणि शेजारच्या सांगलीतून अपेक्षेपेक्षा बरीच जास्त पत्रे आली. काही पत्रांत बंधाऱ्याविषयी विचारणा होती, तर काहींत गावाने स्वतःहून उभ्या केलेल्या कामांविषयीच्या शंका होत्या. सारखे प्रश्न एकत्र करून आणि पत्रलेखकांची नावे न छापता येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्याकडे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पिढ्यांपासून आहेत. वाळू-बंधारा त्यांच्याहून वेगळा कसा, आणि आमच्या ओढ्यावर तो बांधता येईल का? (एक शेतकरी, गडहिंग्लज तालुका)

उत्तर : दोन्ही बंधारे पात्रात आडवेच असतात, पण त्यांचे काम एकमेकांच्या उलट चालते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा सरल्यावर गाळ्यांमध्ये बरगे घालतात आणि पुढचा पाऊस सुरू होण्याआधी ते काढून घेतात, म्हणजे पुराचे पाणी गाळासकट मोकळे निघून जाते. वाळू-बंधाऱ्याला काढघाल करण्याजोगे काहीच नसते. पात्राखालच्या कातळावर बसवलेली ती एक अखंड भिंत असते, पूर तिच्यावरून वाहून जातो, जड वाळू मागे राहते आणि हलका गाळ पाण्याबरोबर पुढे जातो. एक ते तीन-चार पावसांत भिंतीमागचा भाग वाळूने भरतो. त्या वाळूच्या एकूण आकारमानापैकी साधारण 25 ते 40 टक्के जागेत पाणी राहते. ते उन्हाने फारसे उडून जात नाही, त्यात डास होत नाहीत आणि जनावरे पाय घालून ते गढूळ करीत नाहीत. उकंबानीत मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर असे पावसाचे दोन हंगाम असतात आणि त्यांतला एखादा कोरडा जाणे तेथे नवलाचे नाही. म्हणून जमिनीखाली झाकून ठेवलेल्या पाण्याला तेथे फार मोल आहे.

आपल्या ओढ्यावर तो बहुधा चालणार नाही, हे सांगणे भाग आहे. त्याला भरड वाळू वाहून आणणारी नदी लागते आणि फार खोल नसलेला कातळ लागतो. आपल्या भागातील ओढे काळ्या मातीचा बारीक गाळ आणतात. असा गाळ पाणी धरतो खरा, पण सोडत नाही. राधानगरी धरणातून बाराही महिने पाणी उतरणाऱ्या नदीकाठी तर त्याची गरजही नाही. आपल्याला तेथून घेण्याजोगे काही असेल, तर ते बांधकामापेक्षा त्यामागच्या व्यवस्थेत आहे.

ती व्यवस्था अशी. या प्रदेशातील अकांबा समाजात शेजाऱ्यांनी एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबण्याची म्वेथ्या नावाची जुनी रीत आहे. आपल्याकडील पैऱ्याशी किंवा इर्जिकीशी तिचे नाते लगेच ओळखू येते. वसाहतकाळात 1950 च्या दशकात सरकारी शेतीखात्याने तेथे पहिले वाळू-बंधारे बांधले, पण त्यांचा खरा प्रसार पुढे गावगटांच्या हातून झाला. 1978 साली जोशुआ मुकुस्या आणि त्यांच्या शेजारच्या काही कुटुंबांनी उतूनी येथे काम सुरू केले. 1990 च्या दशकात किटुई भागात दुसऱ्या एका संस्थेने याच पद्धतीने शेकडो बंधारे उभे केले. दगड फोडणे, वाळू व पाणी वाहून आणणे आणि पाया खणणे ही कामे गट करतो, तर सिमेंट, लोखंड आणि जाणकार गवंड्याचा खर्च बाहेरची संस्था देते. बंधाऱ्याच्या आधी किंवा त्याच्या बरोबरीने वरच्या उतारांवर ताली घालाव्या लागतात, कारण शेतांतली माती पात्रात उतरली, तर वाळूऐवजी चिखल साठतो आणि सगळी मेहनत वाया जाते. तेथील ताल घालण्याची पद्धत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. चर खणून त्यातली माती वरच्या अंगाला टाकतात, त्यामुळे दर पावसात वरून येणारी माती बांधाला अडते आणि काही वर्षांत शेत आपोआप सपाट होत जाते. हे काम एका शेतकऱ्याच्या वाट्यात भागत नाही. उताराच्या माथ्यापासून पात्रापर्यंत प्रत्येकाला त्यात यावे लागते, आणि म्हणूनच असे काम गटाचे असते.

आता अवघड भाग. पात्राला लागून ज्याची जमीन आहे, तो तेल इंजिन लावून भाजीपाला घेतो आणि त्याला रोख पैसा मिळतो. माथ्यावर राहणाऱ्या बाईला पाण्याची खेप जवळ होते. तीही काही लहान गोष्ट नव्हे, पण तिने दगड तितकेच वाहिलेले असतात. बंधारा बांधण्यापूर्वी हा हिशेब ज्यांनी मांडला, त्यांच्याकडे नंतर भांडणे कमी झाली, असे माझे मत आहे. त्याचे सर्वांत चांगले उदाहरण मला आफ्रिकेत नव्हे, तर आपल्या शेजारीच दिसते. सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात येरळा नदीवर तांदूळवाडी आणि बलवडी या गावांनी ऐंशीच्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीच्या बळावर बळीराजा स्मृती धरण उभे केले. त्यासाठी लागणाऱ्या पैशाचा एक भाग नदीतल्या वाळूच्या मर्यादित विक्रीतून आला. भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा वाटा मिळावा, हे तत्त्व तेथे धरणाच्या बरोबरीनेच मांडले गेले.

प्रश्न : आमच्या नदीतली वाळू रातोरात नाहीशी होते. केनियात बंधाऱ्यामागे साठलेली वाळू लोक सोडतात का? (खानापूर तालुका)

उत्तर : सोडत नाहीत. नैरोबीतील इमारतींना वाळू लागते आणि माचाकोस, मकुएनी ही ठिकाणे तेथून ट्रकच्या पल्ल्यात आहेत. वाळू गेली, तर पाणी साठण्याची जागाच जाते, त्यामुळे तेथे हा प्रश्न पर्यावरणापुरता न राहता थेट पिण्याच्या पाण्याचा होतो. 2010 च्या राज्यघटनेनंतर केनियात जिल्ह्यांच्या पातळीवर निवडून आलेली सरकारे आली, आणि मकुएनीच्या सरकारने 2015 मध्ये वाळूचे संवर्धन व वापर यांविषयी स्वतःचा कायदा केला. कायद्याने चोरी थांबत नाही हे आपल्याला सांगायला नको, पण ट्रक अडवणाऱ्या गावकऱ्याच्या पाठीशी कागद असणे आणि नसणे यांत फरक पडतो.

प्रश्न : आफ्रिकेतील अनेक गावांत देणगीतून बसवलेले हापसे बंद पडून असतात असे वाचले. गावाने ते स्वतःचे मानले नाहीत, म्हणून असे होते का? (एक शिक्षिका, गारगोटी)

उत्तर : हे स्पष्टीकरण सोयीचे आहे आणि अर्धवटही आहे. सहाराच्या दक्षिणेकडील देशांतील हापशांची आकडेवारी 2009 मध्ये एकत्र करण्यात आली, तेव्हा कोणत्याही एका वेळी सुमारे 36 टक्के हापसे बंद असतात, असा अंदाज निघाला. यात गावाचा निष्काळजीपणा किती आणि पंपाची रचना व सुट्या भागांची सोय यांचा दोष किती, हे वेगळे करून पाहिले पाहिजे.

येथे मराठी वाचकाला एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आफ्रिकेतील अनेक देशांत दिसणारा इंडिया मार्क टू हा हापसा महाराष्ट्राच्या मातीतून वर आला आहे. दुष्काळी भागात मिशनऱ्यांच्या पुढाकाराने जे मजबूत लोखंडी हापसे तयार झाले, त्यांना जालना पंप आणि सोलापूर पंप अशी नावे होती. सोलापूर पंपाच्या रचनेवरून सत्तरच्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने इंडिया मार्क टू घडवला गेला आणि तो पुढे माली, युगांडा, घाना अशा देशांत पोचला. तो दणकट आहे. मात्र त्याच्या तळाशी असलेल्या सिलिंडरमधले साधे वॉशर बदलायचे, तरी सगळा पाइप वर ओढावा लागतो. त्यासाठी अवजारे हवीत आणि चार-पाच माणसेही हवीत. गावातल्या गावात दुरुस्ती व्हावी म्हणून ऐंशीच्या दशकात मलावी आणि केनियात आफ्रिदेव हा पंप विकसित झाला. त्यातल्या सळ्या आणि वॉशर पाइप न काढता वर घेता येतात आणि बहुतेक काम एका पान्याने होते.

तरीही आफ्रिदेवही बंद पडतात. कारण पान्याच्या पलीकडे प्रश्न उरतोच : वॉशर मिळणारे दुकान कुठे आहे, तेथवर जायचे भाडे कोण देणार आणि वर्गणी कधी गोळा करायची. दरमहा पाणीपट्टी भरणारी गावे थोडी असतात. पंप मोडल्यावरच पैसे काढणारी गावे बहुसंख्य असतात, आणि पैसे जमेपर्यंत बायका जुन्या डबक्यावर जातात. किटुईतल्याच क्युसो भागात एक प्रयोग झाला. हापशाच्या दांड्यात मोबाइलवरून संदेश पाठवणारे छोटे यंत्र बसवले आणि दुरुस्ती गावसमितीकडे न ठेवता पगारी मेकॅनिककडे सोपवली. बंद पंप पुन्हा सुरू व्हायला तेथे सरासरी 27 दिवस लागत होते, ते 3 दिवसांच्या आत आले. लोकसहभागाच्या कार्यशाळांत या उदाहरणाचा उल्लेख फारसा आवडत नाही, असा माझा अनुभव आहे. पण आपली पाणीयोजना चालवायला गाव पगारी पाणीवाला नेमतेच, त्याने गावाचा अधिकार कमी होत नाही. दुरुस्ती कुणाकडून करून घ्यायची आणि किती पैसे द्यायचे, हे गावाने ठरवले म्हणजे पुरे. प्रत्येक वॉशर गावकऱ्यांनीच बदलावा हा आग्रह शहरात बसलेल्या लोकांचा असतो.

प्रश्न : आम्ही बचत गट चालवतो आणि गल्लीत भिशीही आहे. आफ्रिकेतील महिलांच्या गटांची पद्धत यांपैकी कशासारखी आहे? (एका गटाच्या अध्यक्षा, कागल)

उत्तर : दोन्हींच्या मधली. भिशीसारखी रीत त्या खंडात सर्वत्र आहे. इथिओपियात तिला इकुब म्हणतात, घानात सुसू आणि दक्षिण आफ्रिकेत स्टोकव्हेल. आपल्याला ज्यात रस वाटेल, ती पद्धत मात्र 1991 मध्ये नायजर देशातील मराडी भागात केअर या संस्थेने गावातील बायकांबरोबर बसवली आणि नंतर ती अनेक देशांत गेली. साधारण 15 ते 25 जणी ठरलेल्या दिवशी बसतात, प्रत्येक जण ऐपतीप्रमाणे एक किंवा अधिक हिस्से घेते, जमलेल्या रकमेतून गटातच कर्ज दिले जाते आणि व्याजाचा दर गटच ठरवतो. पैसे लोखंडी पेटीत राहतात. पेटीला तीन कुलपे असतात आणि तीन चाव्या तीन वेगळ्या बायकांकडे असतात, त्यामुळे बैठकीखेरीज पेटी उघडूच शकत नाही. सुरुवातीच्या गटांत बहुतेक जणींना लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून पेटीत किती रक्कम आहे आणि कुणाकडे किती येणे आहे, हे सर्वांसमोर मोठ्याने म्हणून पाठ ठेवले जाई.

भिशीशी फरक असा की येथे नंबर लागण्याची वाट पाहावी लागत नाही, अडचण असेल तेव्हा कर्ज मिळते. बचत गटाशी असलेला फरक अधिक महत्त्वाचा आहे. साधारण वर्षाच्या शेवटी पेटी पूर्ण रिकामी करतात आणि प्रत्येकीला तिच्या हिश्शाप्रमाणे मुद्दल व नफा देऊन टाकतात. कुणाला बाहेर पडायचे असेल तर ती पडते, नवी येते आणि हिशेब कोऱ्या पाटीवर सुरू होतो. आपल्याकडे नाबार्डने 1992 मध्ये गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. त्याने गावातल्या बाईसाठी बँकेचे दार उघडले, हे श्रेय मोठे आहे. पण त्याबरोबर असेही झाले की काही ठिकाणी गट म्हणजे बाहेरच्या कर्जाची हमी देणारी टोळी होऊन बसली आणि बचत हा केवळ त्याचा परवाना उरला. पेटीच्या पद्धतीत बाहेरचा पैसा येत नाही, त्यामुळे बुडाला तर आपलाच बुडतो आणि म्हणून कुणाला किती द्यायचे, याचा विचार बायका कठोरपणे करतात.

तिच्या मर्यादाही तेवढ्याच ठळक आहेत. दुष्काळ पडला की सगळ्यांना एकाच महिन्यात पैसे लागतात आणि पेटी अपुरी पडते. विहीर किंवा गोठ्याएवढे कर्ज तिच्यातून निघत नाही. आपल्या गटाला मोठे कर्ज लागत नसेल, तर एक वर्ष पेटीची शिस्त लावून पाहायला हरकत नाही. वाटपाचा दिवस मात्र पेरणीच्या किंवा शाळा सुरू होण्याच्या तोंडावर येईल असा धरावा, नाहीतर रक्कम हातात येते आणि सणात जाते.

प्रश्न : आमच्या गावात श्रमदानाला ठरावीक वीस-पंचवीस माणसेच येतात. आफ्रिकेत काही देशांत ते सक्तीचे आहे म्हणे. ग्रामसभेत ठराव करून घरटी एक माणूस सक्तीचा करावा का? (एक ग्रामपंचायत सदस्य, पन्हाळा तालुका)

उत्तर : रवांडात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी प्रौढ नागरिकांनी सार्वजनिक काम करणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि रस्ते व गटारे यांची बरीच कामे त्यातून झाली आहेत. मात्र कोणते काम करायचे, हे वरून ठरू लागले की त्याची वेठ होते. टांझानियाचा इतिहास याविषयी बोलका आहे. तेथील पहिले राष्ट्राध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे यांची तळमळ खरी होती. 1967 च्या अरुशा घोषणेत त्यांनी स्वावलंबी, एकत्र राबणाऱ्या गावांचे चित्र मांडले. देशाच्या दक्षिणेकडील रुवुमा भागात तशी काही गावे त्याआधीच स्वतःहून उभी राहिली होती आणि आपला कारभार स्वतः पाहत होती. 1969 मध्ये सत्ताधारी पक्षाने त्या गावांची संघटनाच बरखास्त केली, कारण ती पक्षाच्या कह्यात नव्हती. पुढे 1973 पासून सर्वांनी आखून दिलेल्या गावांत राहायला जावे असा हुकूम निघाला आणि तीन-चार वर्षांत लाखो कुटुंबांना हलवण्यात आले. काही ठिकाणी जुनी घरे जाळण्यात आली. शेते दूर राहिली, त्यातच अवर्षण आले आणि धान्य आयात करावे लागले.

केनियात 1963 च्या स्वातंत्र्यानंतर तेथील पहिले राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा यांनी हरांबी या नावाने लोकवर्गणी व श्रमदानाची हाक दिली. तेथे अडचण वेगळ्या जागी झाली. गावांनी उत्साहाने शाळा बांधल्या, परंतु शिक्षकांच्या पगाराची तरतूद कुणी केली नव्हती, आणि इमारत उभी करणे हे शाळा चालवण्यापेक्षा फार सोपे असते. पुढे वर्गणीच्या सभा पुढाऱ्यांच्या आखाड्यासारख्या झाल्या, कुणी किती दिले याची जाहीर चढाओढ होऊ लागली आणि 2003 मध्ये सरकारी पदावरील व्यक्तींनी अशी वर्गणी गोळा करण्यावर कायद्याने बंधने आणावी लागली.

तेव्हा सक्तीच्या ठरावाआधी न येणारी घरे कोणती आहेत, हे आपण पाहावे. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला रविवारचे श्रमदान म्हणजे बुडालेली मजुरी असते, आणि ओढा खोल केल्याचा फायदा ओढ्याकाठच्या बागायतदाराला होणार असेल, तर त्या मजुराने का यावे? पैऱ्यात कुणी कुणाकडे किती दिवस राबले, याचा हिशेब असतो. तसा हिशेब ठेवा. ज्याला जास्त पाणी मिळणार, त्याने जास्त दिवस किंवा जास्त पैसे द्यावेत आणि ज्याला काहीच मिळणार नाही, त्याला मजुरी द्यावी. ठराव करायचाच असेल, तर तो हा करावा.

प्रश्न : इंजिनिअर नसताना गावाला अशी कामे जमतात का? (समाजकार्य विषयाची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : काही जमतात, काही नाहीत. बंधाऱ्याची जागा निवडण्यासाठी जाणकार हवाच. मात्र बुर्किना फासोतील यातेंगा भागात 1980 च्या सुमारास दगडी बांधांचे काम वाढले, ते एका पारदर्शक नळीमुळे. आपला गवंडी भिंतीची पातळी पाहायला जी पाण्याची नळी वापरतो, तिच्याच साह्याने निरक्षर शेतकरी समपातळीची रेषा काढायला शिकले आणि त्या रेषेवर दगड रचू लागले. त्याच भागातील याकूबा सावाडोगो यांनी शेतात खड्डे घेऊन त्यांत शेणखत भरण्याची जुनी पद्धत सुधारली आणि उजाड जमिनीवर झाडे उभी केली. 2018 मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला.

प्रश्न : आमच्या तालमीने यंदा विसर्जन मिरवणुकीतील साउंड सिस्टिमचा खर्च टाळून रक्कम बाजूला ठेवली आहे. एका सदस्याचा भाऊ नैरोबीत नोकरीला आहे. त्याच्या ओळखीने केनियातील एखाद्या गावाला सौर पंप भेट द्यावा, असा विचार आहे. आपले मत काय? (एका मंडळाचे कार्यकर्ते, कोल्हापूर शहर)

उत्तर : साउंड सिस्टिमवर पैसे घातले नाहीत, याबद्दल शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांच्या वतीने प्रथम आभार. मंडळ नोंदणीकृत असेल, तर परदेशात खर्च करण्याचे नियम वेगळे आहेत. ते आधी सनदी लेखापालाला विचारून घ्यावेत.

पंप भेट देऊ नये, असे मला वाटते. दक्षिण आफ्रिकेत मुलांच्या गोल फिरणाऱ्या पाळण्याला पंप जोडण्याची एक कल्पना निघाली होती. मुले खेळतील आणि टाकीत पाणी चढेल, या चित्रावर देणगीदार भाळले आणि 2006 मध्ये 2010 पर्यंत 10 देशांत असे 4,000 पंप बसवण्याचा संकल्प जाहीर झाला. प्रत्यक्षात काही गावांतले चालू हापसे काढून तेथे हे पाळणे बसवले गेले, मुले दिवसभर खेळेनात, आणि बायकांना ते जड चक्र हाताने ढकलत बसावे लागले. संकल्प अर्ध्यातच सोडून द्यावा लागला. गावाला काय हवे आहे, हे विचारण्याआधी वस्तू ठरली की असे होते.

आपल्या सदस्याच्या भावाने एखाद्या चालू गटाच्या बैठकीला दोन-तीनदा जाऊन नुसते बसावे. त्या गटाने आपल्या बळावर काय सुरू केले आहे आणि ते कशापाशी अडले आहे, हे तेथे कळेल. माचाकोस किंवा मकुएनीकडचा गट असेल, तर बहुधा दगड गोळा झालेले असतील आणि अडचण सिमेंटची असेल. मग रक्कम गटाच्या बँक खात्यात जावी, सिमेंट गटाने जवळच्या बाजारातून घ्यावे आणि पावत्या गटाच्या बैठकीत वाचल्या जाव्यात. आपल्या मंडळाला त्यांची प्रत पुरे. भिंतीवर मंडळाचे नाव लिहिण्याचा आग्रह धरू नये. घाईही करू नये, कारण आपली वर्गणी गणेशोत्सवात जमते आणि तेथे ऑक्टोबरपासून पावसाचा हंगाम सुरू होतो. पात्रात पाणी असताना पाया खणता येत नाही. ही रक्कम जानेवारीपर्यंत बँकेत राहिली तरी चालेल.